न्यूक्लिऑनचा प्लॅटो बसत नाही, व्हेक्टर चार्ज भलताच येतोय: लॅटिस क्यूसीडीवाले आहेत का कुणी?

कोपरखैरणे_२४क्यूब:

नमस्कार मंडळी. एमएस्सीच्या दुसऱ्या वर्षाचा प्रोजेक्ट लॅटिस क्यूसीडीवर (क्वार्क-ग्लुऑनचं गणित अवकाश-काळाच्या जाळीवर, म्हणजे लॅटिसवर, कॉम्प्युटरने सोडवणं) घेतलाय. गाइड सर कंडेन्स्ड मॅटरचे, त्यामुळे या विषयात विचारायला जवळपास कुणी नाही. मशीन घरचंच: आरटीएक्स ३०६० (१२ जीबी), ३२ जीबी रॅम, त्यावर क्रोमा आणि क्यूडा (लॅटिसची सॉफ्टवेअर) बसवलंय.

चालू काम असं. क्वेन्च्ड (निर्वातात उपजणाऱ्या सी क्वार्कांचा परिणाम सोडून), विल्सन गेज अ‍ॅक्शन, बीटा (कपलिंग ठरवणारा आकडा) ६.०, लॅटिस २४³×४८. हीटबाथ आणि ओव्हररिलॅक्सेशनने ६० कॉन्फिगरेशन (गेज फील्डचे रँडम नमुने) काढली. क्वार्कसाठी साधी विल्सन अ‍ॅक्शन, कॅपा (क्वार्कचं वस्तुमान ठरवणारा आकडा) ०.१५५०, काळाच्या दिशेने अँटिपिरिऑडिक सीमा. पॉइंट सोर्स (कण जिथे निर्माण करायचा ती जागा), पॉइंट सिंक (जिथे टिपायचा ती).

प्लॅकेट (जाळीच्या एका चौकोनाभोवतीच्या लिंकच्या गुणाकाराची सरासरी) ०.५९३७ येतो, माहीत असलेल्या आकड्याशी जुळतो. पायऑनचं वस्तुमान (लॅटिस एककांत) ०.२९७ वर छान बसतं. घोडं अडतंय न्यूक्लिऑनवर (प्रोटॉन-न्यूट्रॉन). इफेक्टिव्ह मास (कोरिलेटर, म्हणजे सोर्स-सिंकचा सहसंबंध, शेजारच्या टाइमस्लाइसला किती घटतो त्यावरून येणारं वस्तुमान) टाइमस्लाइस ४ पासून ११ पर्यंत उतरतच राहतं, ०.६८ च्या आसपास येतं आणि १४ नंतर आकडे उड्या मारायला लागतात. सपाट भाग, म्हणजे प्लॅटो, असा नाहीच. ६ ते १६ एवढा पट्टा घेऊन फिट केलं तर ०.७१ येतं आणि काय-स्क्वेअर पर डिग्री ०.४. मग हे फिट चांगलं म्हणायचं की नाही?

दुसरं: सीक्वेन्शियल सोर्सने थ्री-पॉइंट (सोर्स आणि सिंकच्या मध्ये करंट घातलेला कोरिलेटर) काढून पाहिला. अ‍ॅक्सिअल चार्जचं राहू दे, व्हेक्टर चार्जसुद्धा १ ऐवजी ४.६ येतोय.

तिसरं: हे जमलं तर पुढे दोन न्यूक्लिऑनमधलं बल काढायचं मनात आहे. या मशीनवर होईल का?

तीनहातनाका_लाइटकोन:

पहिल्या प्रश्नापुरतं लिहितो. थ्री-पॉइंटचं येऊरच्या ताई सांगतीलच, तो त्यांचा प्रांत.

आधी फुटपट्टी लाव. बीटा ६.० ला सॉमर स्केल (क्वार्कांमधल्या बलावरून ठरवलेली लांबी) म्हणजे लॅटिस अंतराच्या साधारण ५.३७ पट. सॉमर स्केल ०.५ फर्मी धरला की अंतर ०.०९३ फर्मी, आणि त्याचा व्यस्त २.१२ जीईव्ही. तुझा पायऑन ०.२९७ गुणिले २.१२, म्हणजे ६३० एमईव्ही. खऱ्या पायऑनच्या साडेचार पट जड आहे, पण शिकायला चालतो. पेटी २.२३ फर्मीची. पायऑनचं वस्तुमान गुणिले पेटीची लांबी चारच्या वर हवी, तुझी ७.१ आहे, तिकडे बघायची गरज नाही. कॅपा ०.१५५० च्या पलीकडे मात्र उगाच जाऊ नकोस. क्वेन्च्ड विल्सनमध्ये हलक्या क्वार्कला एखाद्या कॉन्फिगरेशनवर डिरॅक ऑपरेटरची जवळजवळ शून्य आयगेनव्हॅल्यू येते, त्या एकट्याचा पायऑन कोरिलेटर बाकी सगळ्यांच्या कित्येक पट होतो आणि सरासरीची वाट लागते.

या कॅपाला न्यूक्लिऑन ०.६५ च्या आसपास यायला हवा. तुझा ०.७१ नऊ टक्के वर आहे, आणि तो वरच असणार. सोर्स आणि सिंक सारखे असले की कोरिलेटर म्हणजे सगळ्या धन एक्स्पोनेन्शिअलची बेरीज, म्हणून इफेक्टिव्ह मास नेहमी वरूनच खाली येतं. पॉइंट सोर्समध्ये तिन्ही क्वार्क एकाच बिंदूवर कोंबलेले असतात. त्यामुळे तळाच्या स्थितीसोबत वरच्या सगळ्या उत्तेजित स्थितींनाही भरपूर वजन मिळतं, आणि त्या मरेपर्यंत सिग्नलच नॉइजमध्ये बुडालेला असतो.

नॉइजचं गणित मांडून बघ. पॅरिसी आणि लपाज यांचा जुना युक्तिवाद आहे: नॉइज-सिग्नल प्रमाण न्यूक्लिऑनचं वस्तुमान वजा दीड पायऑन एवढ्या घातांकाने वाढतं. तुझ्याकडे ०.६५ वजा ०.४४६, म्हणजे ०.२०४. प्रत्येक टाइमस्लाइसला एरर १.२३ पट. तेवढ्याच एररमध्ये एक स्लाइस पुढे जायचं तर आकडेवारी दीडपट लागते, पाच स्लाइस पुढे जायचं तर साडेसात पटीहून जास्त. निव्वळ कॉन्फिगरेशन वाढवून प्लॅटो गाठायचा म्हटलं तर पोरगा पीएचडी होईल. खऱ्या पायऑनला तर हाच घातांक ७३० एमईव्ही होतो आणि दर फर्मीला प्रमाण ४० पटीने बिघडतं.

म्हणून सोर्स सुधार. गॉशिअन स्मिअरिंग लाव. क्रोमात दोन आकडे द्यावे लागतात, रुंदी आणि आवर्तनं. रुंदी ५ घे (०.४६ फर्मी, ठीक आहे). आवर्तनं रुंदीच्या वर्गाच्या दीडपटीहून जास्त हवीत, म्हणजे इथे ३७.५ च्या वर, ६० घे. कमी घेतलीस तर लाप्लासिअनच्या सगळ्यात मोठ्या आयगेनव्हॅल्यूला गुणक उणे एकच्या खाली जातो, सोर्स गुळगुळीत व्हायच्या ऐवजी बुद्धिबळाच्या पटासारखा वर-खाली होतो आणि प्रोग्रॅम मात्र काही तक्रार करत नाही. स्मिअरिंगच्या आधी फक्त अवकाशातल्या लिंकना स्टाउट किंवा एपीई (लिंक गुळगुळीत करायच्या रीती) लाव; कच्च्या लिंकवर स्मिअर केलं तर सोर्सचा आकारच प्रत्येक कॉन्फिगरेशनला डगमगतो. या गुळगुळीत लिंक स्मिअरिंगपुरत्याच ठेव, डिरॅक ऑपरेटरमध्ये घालू नकोस, नाहीतर अ‍ॅक्शनच बदलते आणि ०.१५५० या आकड्याला काही अर्थ राहत नाही.

सिंकला स्मिअर-स्मिअर आणि स्मिअर-पॉइंट दोन्ही काढ, प्रोपॅगेटर (क्वार्कचा सोर्सपासूनचा प्रवास) एकच लागतो. पण ध्यानात ठेव: स्मिअर-पॉइंटमध्ये गुणांक धन असण्याची हमी नाही. इफेक्टिव्ह मास खालून वर येऊ शकतं, आणि वरून येणारं नि खालून येणारं योगदान एकमेकांना खाऊन मध्येच तीन-चार स्लाइसचा खोटा प्लॅटो दिसतो. दोन्ही कोरिलेटर एकाच आकड्यावर उतरले तरच विश्वास ठेवायचा. दोन्हींवर एकत्र दोन एक्स्पोनेन्शिअलचं फिट कर आणि सुरुवातीचा स्लाइस २, ३, ४, ५ असा सरकवत उत्तर हलतं का ते बघ.

आता तो ०.४. तो शाबासकी देणारा आकडा नाही. शेजारचे टाइमस्लाइस एकाच कॉन्फिगरेशनवरून आलेले, त्यांचे चढउतार एकत्रच होतात. कोव्हेरिअन्स न घेता फिट केलंस तर काय-स्क्वेअर लहानच येणार. आणि घ्यायचं म्हटलं तरी पंचाईत आहे: ६ ते १६ म्हणजे ११ बिंदू, त्यांच्या मॅट्रिक्समध्ये ६६ स्वतंत्र आकडे, आणि तुझ्याकडे नमुने ६०. त्या मॅट्रिक्सच्या सगळ्यात लहान आयगेनव्हॅल्यू म्हणजे शुद्ध कचरा, आणि व्यस्त घेताना वजन त्यांनाच सगळ्यात जास्त मिळतं. बिंदू पाच-सहावर आण, कॉन्फिगरेशन २०० वर ने. प्रत्येकावर चार सोर्स ठेव (काळात ०, १२, २४, ३६ आणि अवकाशात रँडम जागा), पण जॅकनाइफ (एकेक नमुना वगळून एरर काढणं) करताना चारही आधी एकत्र करून एकच नमुना धर. वेगळे धरलेस तर एरर खोटी लहान दिसेल.

आणखी एक फुकटचं. बॅरिऑनचा कोरिलेटर पायऑनसारखा सममित नसतो. पुढे जाणारा धन पॅरिटीचा न्यूक्लिऑन, मागून येणारा ऋण पॅरिटीचा जोडीदार. प्रोजेक्टर उलटा घेतलास की मागची बाजू धन पॅरिटीची होते. अँटिपिरिऑडिक सीमेमुळे येणारं चिन्ह सांभाळून दोन्हींची सरासरी घे, एकही नवा प्रोपॅगेटर न काढता आकडेवारी वाढते.

ऐरोली_रॅक४२:

मशीनबद्दल. हे कार्ड वाईट नाही, फक्त कुठे कमी पडतं ते समजून घ्या.

विल्सन डीस्लॅशला (डिरॅक ऑपरेटरचा शेजाऱ्यांना जोडणारा भाग) दर साइटमागे १३२० फ्लॉप (गणिती क्रिया) लागतात. सिंगल प्रिसिजनमध्ये त्यासाठी साधारण १४४० बाइट मेमरीतून आणाव्या लागतात (आठ लिंक, आठ शेजारी स्पिनर, एक लिहायचा). म्हणजे बाइटमागे एक फ्लॉपही नाही. कार्डवर छापलेल्या टेराफ्लॉपचा इथे उपयोग शून्य, बँडविड्थ किती तेवढंच बघायचं. ३०६० ची ३६० जीबी प्रति सेकंद आहे, तेव्हा ३३० गिगाफ्लॉपच्या आसपास धरा. तुमच्या लॅटिसवर ६,६३,५५२ साइट. ईव्हन-ऑड सीजीचं (कॉन्जुगेट ग्रेडिअंट) एक आवर्तन पावणेदोन गिगाफ्लॉप. एका सॉल्व्हला ५०० आवर्तनं धरली तर १२ सॉल्व्हचा अख्खा प्रोपॅगेटर अर्ध्या मिनिटात निघायला हवा. दहा मिनिटं लागत असतील तर काहीतरी सीपीयूवर चाललंय किंवा सगळं डबलमध्ये चाललंय.

डबलचं असं की या कार्डांवर डबल प्रिसिजनचा वेग सिंगलच्या १/६४ च असतो. मिक्स्ड प्रिसिजन लावा: आतलं काम हाफ किंवा सिंगलमध्ये, रेसिड्युअल (उत्तरात उरलेली चूक) अधूनमधून डबलमध्ये दुरुस्त. रेसिड्युअल १०⁻⁸ च्या खाली न्या. पुष्कळ जण १०⁻⁵ वर थांबतात कारण पायऑन तेवढ्यात बरोबर येतो. रेसिड्युअलचा नॉर्म सगळ्या लॅटिसवर मिळून काढलेला असतो, त्यात सोर्सजवळचा भाग वरचढ. दूरच्या टाइमस्लाइसवर प्रोपॅगेटर मुळातच कित्येक पट लहान, तिथे तो अजून जुळलेलाच नसतो आणि न्यूक्लिऑनची शेपटी उगाच वाकते. चार्म क्वार्क घेतलात तर हा त्रास आणखी ठळक दिसेल.

डिस्क: सिंगलमधला एक प्रोपॅगेटर ७६४ एमबी. तीन सेपरेशन, दोन फ्लेवर आणि मूळचा एक असे सात ठेवलेत तर कॉन्फिगरेशनमागे ५.३ जीबी, २०० ना टेराबाइटच्या वर. ठेवू नका. मेमरीतच कॉन्ट्रॅक्शन (प्रोपॅगेटर जोडून कोरिलेटर काढणं) करा, कोरिलेटर लिहा, प्रोपॅगेटर टाकून द्या. गेज कॉन्फिगरेशन मात्र जपा, ती डबलमध्ये ३८२ एमबीची.

आणि आपल्याकडचं. पावसाळ्यात खाडीच्या बाजूला दमट धूळ पंख्याच्या पात्यांना आणि हीटसिंकच्या फटीत लगदा होऊन बसते. कार्ड ८० अंशांच्या पुढे गेलं की क्लॉक आपोआप उतरतं. पॉवर लिमिट ८० टक्क्यांवर आणा. काम बँडविड्थवर अडलेलं असल्यामुळे वेग नावाला कमी होतो आणि उष्णता बरीच. दुपारी लाइट क्षणभर लुकलुकली तरी मशीन रीस्टार्ट होतं, तेव्हा ६०० व्हीएचा स्वस्त यूपीएस पुरणार नाही. पीसीचा पूर्ण लोड मोजून निदान १००० व्हीए घ्या. अर्धी लिहिलेली फाइल पुन्हा सुरू झालेल्या जॉबला पूर्ण वाटते. आधी तात्पुरत्या नावाने लिहा, चेकसम जुळला की मगच नाव बदला.

येऊर_सीक्वेन्शियल:

४.६ चं कोडं सोपं आहे. प्रोपॅगेटर कॅपा नॉर्मलायझेशनमध्ये काढलास ना? क्वार्क फील्डला दोन कॅपाच्या वर्गमुळाचा गुणक लागतो. टू-पॉइंटमध्ये तीन प्रोपॅगेटर, थ्री-पॉइंटमध्ये चार, त्यामुळे गुणोत्तरात एक दोन-कॅपा उरतो. तुझा दोन-कॅपा ०.३१. ४.६ गुणिले ०.३१ म्हणजे १.४३. उरलेलं १ पर्यंतचं अंतर ही चूक नाही, लोकल व्हेक्टर करंट लॅटिसवर संरक्षित नसतो. १.४३ चा व्यस्त, ०.७०, हाच तुझा व्हेक्टर करंटचा रीनॉर्मलायझेशन गुणक.

पण त्याआधी एक तपासणी कर, ती न करता पुढे जाऊ नकोस. लोकलच्या ऐवजी पॉइंट-स्प्लिट संरक्षित करंट घाल. सोर्स आणि सिंकच्या मधल्या प्रत्येक स्लाइसवर त्याचा चार्ज तोच आला पाहिजे. सरासरीत नव्हे, एकेका कॉन्फिगरेशनवर, सॉल्व्हरच्या अचूकतेपर्यंत. गेज फील्ड कसंही असो, करंटचं संरक्षण त्यावर अवलंबून नाही. चौथ्या-पाचव्या दशांशाला फरक दिसला तर सॉल्व्हर ढिला आहे. ढळढळीत फरक असेल तर सीक्वेन्शियल सोर्सची बांधणी, गॅमा-५ किंवा सीमेचं चिन्ह कुठेतरी चुकलंय. एका कॉन्फिगरेशनवर तासाभरात कळतं. दोनशेवर चालवून मग शोधण्यात हशील नाही.

अ‍ॅक्सिअल चार्ज, म्हणजे जी-ए, अप वजा डाउन असाच घे. त्यात तुटक आकृत्या (ज्यांत करंट न्यूक्लिऑनच्या क्वार्कांना जोडलेला नसतो) एकमेकींना रद्द करतात. फक्त अप किंवा स्ट्रेंज पाहिजे म्हटलं की त्या मोजाव्या लागतात आणि त्यांचा नॉइज वेगळ्याच पातळीवरचा. सिंकमधून जाणारी सीक्वेन्शियल पद्धत घेतलीस की दर सेपरेशनला, दर फ्लेवरला १२ सॉल्व्ह. सेपरेशन ९, ११ आणि १३ घे (०.८४, १.०२ आणि १.२१ फर्मी). एकूण ७२ आणि मूळचे १२, सोर्समागे ८४ सॉल्व्ह. स्पिन असलेला आणि नसलेला प्रोजेक्टर वेगवेगळा चालवू नकोस, दोघांची बेरीज असलेला मिश्र प्रोजेक्टर एकदाच चालव. व्हेक्टर आणि अ‍ॅक्सिअल दोन्ही त्याच फेरीत मिळतात.

एकाच सेपरेशनवर काढलेला जी-ए कुणी दाखवला तर मी पुढे वाचत नाही. गुणोत्तर मध्यभागी सपाट दिसतं हे खरं, पण तो सपाटपणा फसवा. उत्तेजित स्थितीचं योगदान सोर्सकडून आणि सिंककडून सारखंच येतं, मध्यावर दोन्हींची बेरीज सगळ्यात कमी असते, शून्य नसते. पायऑन खऱ्या वस्तुमानाचा असेल तर पहिली उत्तेजित स्थिती न्यूक्लिऑन अधिक पायऑन अशी, ३०० एमईव्ही वर धर. सेपरेशन १.२ फर्मी घेतलं तर मध्यावर ते योगदान फक्त ०.४० पट झालेलं असतं. चाळीस टक्के अजून शिल्लकच म्हण. तिन्ही सेपरेशन एका आलेखावर काढ. वक्र एकावर एक बसत नसतील तर दोन स्थितींचं फिट किंवा समेशन: मधल्या स्लाइसची बेरीज सेपरेशनच्या विरुद्ध मांडली की उतार म्हणजे जी-ए. समेशनमध्ये दूषितपणा पूर्ण सेपरेशनच्या घातांकाने मरतो, अर्ध्याच्या नाही. एरर मात्र मोठी येते.

तुझ्या क्वेन्च्ड, ६३० एमईव्हीच्या उत्तराची प्रयोगाच्या १.२७५ शी तुलना करायला जाऊ नकोस. जुळलं तरी त्यातून काही सिद्ध होत नाही.

फॉर्म फॅक्टर आणि त्यातून प्रोटॉनची त्रिज्या काढायचा विचार असेल तर पेटीकडे बघ. संवेग दोन पाय भागिले पेटीची लांबी एवढ्याच पायऱ्यांनी मिळतो. तुझी पहिली पायरी ५५५ एमईव्ही, म्हणजे क्यू-स्क्वेअर सुमारे ०.३ जीईव्ही-वर्ग. त्रिज्या म्हणजे शून्यापाशी उतार. म्युऑनिक हायड्रोजनचा ०.८४१ फर्मी आणि त्याआधीचा ०.८७५ यांच्यात चार टक्क्यांचा फरक, आणि तू उतार ओढणार शून्य आणि ०.३ या दोन बिंदूंतून. पेटी ५.७६ फर्मीची असेल तर पहिली पायरी ०.०४६ वर येते, मग बोलू.

कोपरखैरणे_२४क्यूब:

दादा, ताई, खूप आभार. ऐरोलीकर सर, सॉल्व्हर डबलमध्येच चालत होता, आता मिक्स्ड केलाय आणि प्रोपॅगेटर पाऊण मिनिटात निघतो.

रुंदी ५, आवर्तनं ६० लावून जुन्याच ६० कॉन्फिगरेशनवर पुन्हा चालवलं. स्मिअर-स्मिअर ६ पासून ०.६६ च्या आसपास टेकतो, १३ पर्यंत एररच्या आत राहतो. स्मिअर-पॉइंट ८ नंतर त्याला येऊन मिळतो. संरक्षित करंटचा चार्ज सगळ्या मधल्या स्लाइसवर सातव्या दशांशापर्यंत तोच येतोय. बाकीची १४० कॉन्फिगरेशन रात्रीची चालू आहेत.

दोन न्यूक्लिऑनचं मात्र कुणीच काही बोललं नाही. तो विषय इतका वाईट आहे का?

बेलापूर_फेजशिफ्ट:

वाईट नाही, पण सुरुवात तिथून करू नये. कारण आकड्यांतच बघ.

दोन न्यूक्लिऑनचा नॉइज घातांक एकाच्या दुप्पट. खऱ्या पायऑनला दर फर्मीला ४० चा वर्ग, म्हणजे १६०० पट. दुसरीकडे पेटीत दोन न्यूक्लिऑनच्या पातळ्या अगदी खेटून असतात. ५.७६ फर्मीच्या पेटीत पहिली पायरी २१५ एमईव्ही; तिचा वर्ग भागिले न्यूक्लिऑनचं वस्तुमान, म्हणजे पातळ्यांतलं अंतर अवघं ४९ एमईव्ही. ते योगदान १/ई-पटीवर (साधारण ३७ टक्क्यांवर) उतरायलाच ४ फर्मी लागतात. तिथवर सिग्नल उरतच नाही. मग लोक १ ते १.५ फर्मीला सपाट दिसणारा तुकडा पकडतात. त्या तुकड्यात दोन-तीन पातळ्यांची खिचडी असू शकते आणि तरी तो सपाट दिसतो. ८०० एमईव्हीच्या जड पायऑनला दोन न्यूट्रॉन बांधलेले असतात की नाही यावर एनपीएलक्यूसीडी आणि हॅल क्यूसीडी या गटांची उत्तरं वर्षानुवर्षं उलटसुलट येत राहिली, त्याच्या मुळाशी हीच भानगड. पुढे डिस्टिलेशन (लाप्लासिअनच्या आयगेनव्हेक्टरांवर आधारलेलं स्मिअरिंग) आणि व्हेरिएशनल पद्धतीने, म्हणजे बऱ्याच ऑपरेटरचा मॅट्रिक्स करून जनरलाइज्ड आयगेनव्हॅल्यू सोडवून लोकांनी पुन्हा बघितलं, तेव्हा जुन्या खोल बंधांबद्दल शंका वाढल्या. कॉन्ट्रॅक्शनचाही भार आहे: ड्यूटेरॉनला ३६ पर्म्युटेशन, हीलियम-४ ला ५,१८,४००. हुशारीने ती खूप कमी करता येतात, पण कोड सोपा राहत नाही.

तू आयसोस्पिन-२ चे दोन पायऑन घे. दोन्ही धन पायऑन, क्वार्क-अँटिक्वार्क एकमेकांत नाहीसे होण्याच्या आकृत्याच नाहीत, नॉइज जवळजवळ वाढत नाही. ल्यूशरचं म्हणणं असं: पेटीत दोन कणांची ऊर्जा दोन वस्तुमानांच्या बेरजेपासून जेवढी सरकते, त्यातून अनंत अवकाशातली स्कॅटरिंग लेंग्थ (कमी ऊर्जेला कण एकमेकांना किती विखुरतात याचं माप) मिळते. सरक उणे चार पाय गुणिले स्कॅटरिंग लेंग्थ, भागिले वस्तुमान गुणिले लांबीचा घन. पुढच्या दोन दुरुस्त्यांचे गुणांक उणे २.८३७ आणि ६.३७५, लेंग्थ भागिले पेटी याच्या पहिल्या आणि दुसऱ्या घाताला.

मात्र हे क्वेन्च्डवर करू नकोस. ल्यूशरचं सूत्र युनिटॅरिटीवर (एकूण संभाव्यता एकच राहण्यावर) उभं आहे आणि क्वेन्च्डमध्ये तीच मोडलेली. सी क्वार्क असलेली तयार कॉन्फिगरेशन आयएलडीजीवर (लॅटिस डेटाच्या आंतरराष्ट्रीय साठ्यावर) बऱ्याच गटांनी ठेवलीत. समजा ३२³×६४, अंतर ०.०९ फर्मी, पायऑन ३०० एमईव्ही अशी मिळाली. लॅटिस एककांत पायऑन ०.१३७, वस्तुमान गुणिले लांबी ४.४. कायरल थिअरीच्या (पायऑनच्या कमी ऊर्जेच्या गणिताच्या) पहिल्या पायरीने अंदाज काढला तर सरक ८ एमईव्हीच्या आसपास. ६०० मध्ये ८! दोन पायऑनची ऊर्जा वेगळी आणि एका पायऑनची वेगळी फिट करून वजाबाकी करशील तर हाती एरर तेवढी राहील. त्याच कॉन्फिगरेशनवरच्या दोन्ही कोरिलेटरचं गुणोत्तर घे, चढउतार बरेचसे कटतात.

आता खरी मेख. पेटी काळात ६४ चीच आहे. एक पायऑन पुढून आणि दुसरा मागून वळसा घालून जाऊ शकतो. त्याचं योगदान काळावर अवलंबून नाही, स्थिर असतं. अगदी मधल्या स्लाइसला ते सिग्नलएवढंच मोठं होतं. स्लाइस १६ वर अडीच टक्के. आणि तुला मोजायची सरक त्याच स्लाइसवर गुणोत्तरात सहा टक्क्यांचा फरक करते. दुर्लक्ष केलंस तर स्कॅटरिंग लेंग्थ सरळ चुकीची. उपाय सोपा: गुणोत्तराच्या वर-खाली दोन्हीकडे शेजारच्या स्लाइसचा फरक घे. वर दोन पायऑनच्या कोरिलेटरचा फरक, खाली एका पायऑनच्या कोरिलेटरच्या वर्गाचा फरक. स्थिर भाग उडतो. फिटसाठी साधा एक्स्पोनेन्शिअल न घेता याला साजेसं हायपरबोलिक रूप घ्यायला विसरू नकोस.

पडताळा म्हणून: खऱ्या पायऑनला वस्तुमान गुणिले स्कॅटरिंग लेंग्थ उणे ०.०४४४ यायला हवी, कायरल थिअरी आणि डिस्पर्शनच्या समीकरणांतून हा आकडा पक्का आहे. ३०० एमईव्हीला परिमाण मोठं येईल, चिन्ह मात्र ऋणच, म्हणजे प्रतिकर्षण. पायऑनच्या दोन-तीन वस्तुमानांवर काढून उतार कसा जातो ते बघितलंस तरी प्रोजेक्ट भरभक्कम होईल.

तीनहातनाका_लाइटकोन:

बेलापूरकर, हॅल क्यूसीडीच्या पोटेन्शिअल पद्धतीवर एक वाक्य तरी टाकायचं होतंत. २०१२ ची काळावर आधारित पद्धत तळाची एकच स्थिती उरण्याची वाट बघत नाही, इलॅस्टिक पातळ्या सगळ्या मिळून वापरते. खेटून बसलेल्या पातळ्यांच्या अडचणीवर तेवढा तरी उतारा आहे.

बेलापूर_फेजशिफ्ट:

उतारा आहे, पण फुकट नाही. इनइलॅस्टिक स्थिती मेलेल्या असाव्याच लागतात, आणि नॉनलोकल पोटेन्शिअलचा डेरिव्हेटिव्ह विस्तार कुठे तोडायचा ही त्यांच्या बाजूची डोकेदुखी. एकाच पेटीत दोन्ही रीतींनी तीच फेज शिफ्ट निघते का, ही तुलना मला जास्त पटते. विद्यार्थ्याने त्यात आत्ता पडू नये एवढंच.

डिस्टिलेशन शिकायचं असेल तर तुझ्या २४³ वरच शीक. लाप्लासिअनचे आयगेनव्हेक्टर किती लागतात ते पेटीच्या घनफळाच्या प्रमाणात वाढतं. ३२³ वर जाताना तेवढ्याच स्मिअरिंगसाठी २.३७ पट जास्त, आणि १२ जीबी तिथे लवकर भरतात.

ऐरोली_रॅक४२:

आयएलडीजीवरून फाइल उतरवाल तेव्हा: त्या लाइम डब्यात बांधलेल्या असतात आणि आकडे बिग-एंडिअन (मोठ्या किमतीचा बाइट आधी). आपल्या मशीन लिटल-एंडिअन. स्वतःचा रीडर लिहिलात आणि बाइट उलटवायचे राहिले तर प्लॅकेट सरळ नॅन (आकडाच नाही) येतो, ते बरं, लगेच कळतं. जास्त फसवी गोष्ट अक्षांच्या क्रमाची. एक्स-वाय-झेड-टी आणि टी-एक्स-वाय-झेड यांत गल्लत झाली तरी लिंक एसयू-३ च राहतात, फाइल विनातक्रार वाचली जाते, प्लॅकेट मात्र जवळजवळ शून्य येतो, कारण शेजारी विस्कटलेले असतात. हेडरमध्ये प्लॅकेट किंवा चेकसम दिलेला असेल तर प्रत्येक कॉन्फिगरेशनवर जुळवा, पहिल्यावर जुळला म्हणून सोडू नका. ३२³×६४ ची एक फाइल डबलमध्ये १.२ जीबी, तेव्हा रात्री डाउनलोडला लावा आणि तुटलेलं डाउनलोड पुढे चालू ठेवणारं साधन वापरा.

कोपरखैरणे_२४क्यूब:

आयएलडीजीसाठी नोंदणीचा अर्ज कॉलेजच्या ईमेलवरून करतोय. फरकाचं गुणोत्तर आधी क्वेन्च्डच्याच ६० वर फक्त कोड तपासायला चालवतो, त्यातून स्कॅटरिंग लेंग्थ काढणार नाही. एकच शंका: दोन पायऑनचे दोन्ही सोर्स एकाच टाइमस्लाइसवर ठेवू की एक स्लाइस पुढे-मागे?

बेलापूर_फेजशिफ्ट:

वॉल किंवा रँडम-नॉइज सोर्स वापरणार असशील तर एक स्लाइस पुढे-मागे ठेव. एकाच स्लाइसवर एकच सोर्स दोनदा वापरलास तर फिअर्झ अदलाबदलीमुळे (क्वार्कांच्या जोड्या बदलून मांडता येतात म्हणून) दुसरे रंग-स्पिनचे तुकडे मिसळतात. पॉइंट सोर्स असतील तर एकाच स्लाइसवर, पण वेगवेगळ्या जागी.